शेतकाम आणि रानवाटांसाठी एटीव्ही निवडताना
एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी जाड टायरांची लहान चारचाकी गाडी, घेताना इंजिनाच्या आकड्यांवर भाळण्याआधी गाडीने ओढायचे काय आहे, हे ठरवावे; खताच्या गोण्या आणि लहान ट्रॉलीसाठी ४०० ते ५७० सीसीचे इंजिन बहुधा पुरते, त्याहून मोठे शेतापेक्षा हौसेच्याच कामी अधिक येते.

गिअरची रचना मात्र बारकाईने पाहावी. बहुतेक एटीव्हींत रबरी बेल्टवर चालणारी सीव्हीटी, म्हणजे गिअर हाताने बदलावे न लागणारी रचना, असते; ती चालवायला सोपी, पण खोल पाण्यात बेल्ट भिजला की घसरतो आणि जड ओझे ‘लो’ (कमी वेग, जास्त ताकद) ऐवजी ‘हाय’मध्ये (जास्त वेग) ओढत राहिल्यास जळतो. होंडाच्या ४२० सीसी रँचरमध्ये हा बेल्टच नाही, म्हणून रोजच्या ओझ्याला ती रचना मला अधिक भरवशाची वाटते.

जुनी गाडी असेल तर डिपस्टिक (इंजिनातील तेल मोजायची पट्टी) काढून पाहावी: तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर इंजिनात बहुधा पाणी शिरलेले असते आणि विक्रेता कितीही गोड बोलला तरी तेथून निघावे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवावे. खडखड जाणवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजलेला असतो. ॲक्सलचे रबरी बूटही (सांध्यांवरची आवरणे) फाटलेले नाहीत ना, हे तपासावे.

भारतात बहुतेक एटीव्हींची सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, तेव्हा शेतापर्यंत ती टेम्पोतून न्यावी लागेल, हा खर्चही आधीच धरावा.