आडाचं पाणी बिघडलंय का, कसं ओळखाल?

पंचगंगेचा पूर आडात शिरला असेल किंवा शोषखड्डा १५ मीटरच्या आत असेल, तर पाणी नितळ दिसलं तरी संशय घ्यावाच. गढूळपणा, तवंग, वास ही उघड लक्षणं; जंतू मात्र दिसत नाहीत. एचटूएस बाटलीत (विष्ठेचे जंतू ओळखायची, आत औषध असलेली चाचणी-बाटली) खुणेपर्यंत पाणी भरा, झाकणाच्या आत बोट लावू नका, उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेची भेसळ समजा. ब्लीचिंग पावडर टाकल्या टाकल्या नमुना घेतलात तर चाचणी हमखास फसते.

उसाचा फड शेजारी असेल तर खतातून पाण्यात झिरपणारं नायट्रेटही प्रयोगशाळेत तपासा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाला असलं पाणी मुळीच देऊ नका.