मंडळीच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी: उपासना, बायबल अभ्यास आणि भेटी

निकाल लागले की दरवर्षी आमच्या मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, कुणी ना कुणी घरी येतं आणि विचारतं, "ताई, मला सेवेत यायचंय. सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उपदेश असतो. माइक, पुलपिट, समोर भरलेलं चर्च. त्यात चूक काही नाही, पण ते काम सगळ्यात शेवटी येतं. माझं उत्तर ठरलेलं असतं: उपासनेचा क्रम तोंडपाठ करा, बायबल अभ्यासाच्या गटात मागच्या बाजूला बसा, आणि आजाऱ्यांच्या भेटीला पहिल्या महिन्यापासून जायला लागा. तिन्ही एकदमच. कारण रविवारी जे वचन कानावर पडतं, तेच आठवड्यात समजून घ्यायचं असतं आणि तेच कुणाच्या तरी उशाशी घेऊन जायचं असतं. ही साखळी तुटली की उपासना नुसता कार्यक्रम होते, अभ्यास नुसती चर्चा होतो आणि भेट नुसती चौकशी.

ही साखळी मी ल्यूथरन मंडळीत, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या मंडळीत, पाहिली. मी मूळची कोल्हापूरची. आपल्याकडची जुनी प्रॉटेस्टंट मंडळी प्रामुख्याने अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभी राहिली. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ साली इथे आले, त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च सगळ्यांना माहीत आहे. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ चं. म्हणजे दुखणाईताची सेवा आपल्या भागातल्या ख्रिस्ती लोकांना नवी नाही. पुढे शिकायला मी चेन्नईत किलपॉकच्या गुरुकुल ल्यूथरन थिऑलॉजिकल कॉलेजात गेले. तिथे देशभरातून, वेगवेगळ्या पंथांतून मुलं येतात. शनिवार-रविवार एखाद्या मंडळीत काम करणं हा शिक्षणाचाच भाग. मला मिळाली ती तमिळ ल्यूथरन मंडळी. भारतातल्या ल्यूथरन परंपरेची सुरुवात त्याच किनाऱ्यावर झाली: १७०६ साली झिगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोघे मिशनरी तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरले.

मला तमिळ येत नव्हतं. तरी दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपर्यंत आपण उपासनेत कुठे आहोत हे मला कळायला लागलं. आधी पापकबुली आणि क्षमेची घोषणा, मग "प्रभू, दया कर", स्तुती, शास्त्रपाठ, शुभवर्तमानाला (येशूच्या चरित्राच्या वाचनाला) सगळे उभे, उपदेश, मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली), मंडळीची प्रार्थना, अर्पण, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) आणि शेवटी बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला अहरोनाचा आशीर्वाद. शेजारची आजी पुस्तक न उघडता सगळं म्हणायची. त्या क्रमात एक गोष्ट ठासून भरलेली आहे: देव आधी देतो, मग माणूस उत्तर देतो. आधी क्षमा, मग स्तुती. आधी वचन, मग अर्पण. आपण देवासाठी काहीतरी करायला चर्चला येतो असं आपल्याला वाटत असतं. ल्यूथरन उपासना सांगते की देव तुमच्यासाठी काहीतरी करायला तिथे आलेला असतो.

नव्या माणसाने या क्रमाकडे रुक्ष रीत म्हणून बघू नये. तो पाठ करा. उत्स्फूर्त प्रार्थना करणाऱ्या आपल्या लोकांना पाठ केलेली प्रार्थना मनापासूनची वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तिथे लहानपणापासून ओठांवर बसलेलेच शब्द कामाला येतात. पक्षाघाताने बोलणं गेलेल्या एका काकूंच्या घरी मी बसले होते. नाव विचारलं तरी उत्तर नाही. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण प्रत्येक ओळ बरोबर होती. ती प्रार्थना कोणी तरी, कधी तरी, शब्बाथ शाळेत त्यांच्याकडून घोकून घेतली होती.

ल्यूथरचं सुद्धा हेच म्हणणं होतं. सॅक्सनीतल्या मंडळ्यांना भेटी देऊन आल्यावर, साध्या लोकांना विश्वासाची मूळ वाक्यंही येत नाहीत हे पाहून त्याने १५२९ साली लहान धर्मप्रश्नोत्तरी लिहिली. दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली, प्रभुभोजन. कुटुंबाच्या कर्त्याने घरातल्यांना शिकवावी म्हणून ती लिहिलेली आहे, पंडितांसाठी नाही. सेवेत येणाऱ्याने ती आधी वाचावी. गाण्याचंही तसंच. १५२४ च्या पहिल्या ल्यूथरन गीतपुस्तिकेत फक्त आठ गीतं होती आणि त्यांतली चार त्याची स्वतःची, लोकांच्या भाषेतली. आपल्याकडे हे काम रेव्हरंड ना. वा. टिळकांनी केलं. पेटी, तबला आणि झांजांवर त्यांची भजनं म्हणताना म्हातारी माणसं डोळे मिटतात, त्यांना 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडावं लागत नाही. तरुणांनो, नवी गाणी जरूर बसवा, पण दर महिन्याला एक जुनं भजन पूर्ण पाठ करा. पुढे ज्यांच्या घरी जाणार आहात, त्यांचं ते भजन आहे.

शास्त्रवाचनाची पाळी आली तर आदल्या दिवशी घरी मोठ्याने वाचून बघा, जमलं तर ऐकू कमी येणाऱ्या आजोबांसमोर. नबुखद्नेस्सर हे नाव पुलपिटवर पहिल्यांदा वाचायचं नसतं.

आता बायबल अभ्यास. जगातल्या बऱ्याच ल्यूथरन मंडळ्या तीन वर्षांचं वाचनचक्र पाळतात: चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून. त्याचा फायदा असा की येत्या रविवारचा भाग आधीच ठाऊक असतो आणि आठवड्याच्या मध्ये तोच अभ्यासाला घेता येतो. कोल्हापूरला परतल्यावर बुधवारी दुपारच्या बायकांच्या गटात मी हेच सुरू केलं. तोच भाग घरी वाचलेला, गटात बोललेला आणि मग रविवारी ऐकलेला, म्हणून तो मुरतो.

प्रत्येक भागाला आम्ही दोन प्रश्न विचारतो. हे वचन माझ्याकडून काय मागतं? आणि हे वचन मला काय देतं? ल्यूथरन लोक याला नियमशास्त्र आणि सुवार्ता म्हणतात. पहिल्या प्रश्नाला उत्तरं भराभर येतात, कारण आपल्याला सगळीकडून मागण्याच ऐकायची सवय आहे. दुसऱ्याला सगळ्या गप्प होतात. त्या गप्प वेळेला घाबरू नका, लगेच स्वतः उत्तर देऊन टाकू नका.

एकदा मार्कचा दुसरा अध्याय होता. चौघे जण पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात आणि छप्पर उकलून खाली सोडतात. गटात एक वहिनी होत्या, त्यांच्या यजमानांचं डायलिसिस चालू होतं. त्या म्हणाल्या, "सगळी म्हणतात विश्वास धरा, विश्वास धरा. किती धरायचा?" कुणी काही बोललं नाही. मी तो भाग पुन्हा वाचायला सांगितला. त्या स्वतःच सावकाश वाचत गेल्या, पाचव्या ओवीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यात आजारी माणूस तर काहीच बोलत नाही. येशूने विश्वास बघितला तो उचलून आणणाऱ्यांचा." त्या दिवशी पुढचा अभ्यास झालाच नाही. कुणी डब्याचं बोलायला लागलं, कुणी दवाखान्याच्या फेऱ्यांचं. महिनाभर कोण कोणत्या वारी जाणार हे तिथेच ठरलं. अभ्यास कशासाठी असतो हे मला कुठल्याही व्याख्यानात इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

गट चालवणाऱ्यासाठी आणखी एक. सगळ्यांकडे एकच भाषांतर असावं. कुणाकडे जुनं पवित्र शास्त्र, कुणाच्या मोबाइलवर सोपी आवृत्ती, असं असलं की अर्धा वेळ शब्द जुळवण्यात जातो.

आता भेटी. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण याची तयारी कुणी करून घेत नाही.

ल्यूथरने १५२० मध्ये सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाबद्दल लिहिलं. १५३७ च्या श्मालकाल्ड लेखांत, म्हणजे त्याने लिहिलेल्या विश्वासाच्या निवेदनात, तर सुवार्ता कोणकोणत्या मार्गांनी माणसापर्यंत येते हे सांगताना उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांच्यासोबत त्याने बंधुभगिनींनी एकमेकांशी बोलणं आणि धीर देणं हेही मोजलं. म्हणजे भेट देणं हे पाळकसाहेबांच्या कामातलं उरलंसुरलं काम नाही. अमेरिकेत केनेथ हॉक नावाच्या ल्यूथरन पाळकाने १९७५ साली सेंट लुईसला साध्या सभासदांना यासाठी तयार करायला सुरुवात केली. तिथे आधी ५० तासांचं प्रशिक्षण होतं आणि मग एकेका माणसाला आठवड्याला साधारण तासभर भेटायचं असतं. आपल्याकडे असं प्रशिक्षण नसलं तरी त्यामागची शिस्त उचलता येते: एक माणूस, ठरलेला वार, आणि ऐकणं.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर भेटीची वेळ पाळा, वॉर्डातल्या सिस्टरना विचारून आत जा. कॉटवर बसू नका. पेशंटच्या नजरेच्या पातळीवर येईल असं उभं राहा किंवा स्टूल घ्या. दहा मिनिटं पुष्कळ झाली. आजाराचा तपशील खोदू नका, तुमच्या मामाला हेच झालं होतं ते सांगू नका. "देवाची इच्छा" हे शब्द तर तोंडातून काढूच नका. प्रार्थना करण्याआधी विचारा: "प्रार्थना करू का?" नको म्हणाले तर पाणी भरून द्या आणि निघा. प्रार्थना हळू आवाजात करा. शेजारच्या कॉटवरचा माणूस वेगळ्या धर्माचा असतो, त्यालाही शांतता हवी असते. त्याच्यापुढे धर्माचं काही मांडायला आपण आलेलो नाही. पण राधानगरीकडून किंवा चंदगडकडून आलेले त्याचे नातेवाईक जमिनीवर बसून असतात, त्यांना औषधाचं दुकान कुठे, चहा कुठे मिळतो हे दाखवणं आपलं काम आहे.

१५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येना गावी हललं, ल्यूथर मात्र आजाऱ्यांसाठी मागे राहिला. त्या वेळच्या पत्रात त्याने दोन्ही सांगितलंय: ज्यांच्यावर लोकांची जबाबदारी आहे त्यांनी सोडून जाऊ नये, आणि औषध घ्यावं, घराला धुरी द्यावी, गरज नसेल तिथे जाऊ नये. मास्क लावणं, हात धुणं, ताप असेल तर भेट टाळणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही.

घरच्या भेटीला एकटं जाऊ नका, विशेषतः घरात एकटी बाई किंवा एकटा पुरुष असेल तर. आणि ऐकलेलं बाहेर काढू नका. आपली मंडळी लहान, निम्मे लोक एकमेकांचे नातेवाईक. "अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, त्यांच्या मुलाचं व्यसन..." असा मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की त्या घराचं दार तुमच्यासाठी कायमचं बंद होतं, आणि ते बरोबरच आहे. नाव घेण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्या. झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं तर प्रार्थना करा, त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांपर्यंत न्या. सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे. तो नंबर पाठ ठेवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावरची सेवा म्हणजे खराट्याने गाळ काढणं. आणि कागद. आधार कार्ड, बँकेची पासबुकं, मुलांचे शाळेचे दाखले एकमेकांना चिकटलेले असायचे. ते ओढायचे नाहीत, कडेने हळूहळू सोडवायचे, जुन्या वर्तमानपत्रांत घालून वजनाखाली ठेवायचे, कागद बदलत राहायचे. एका मावशींनी मुलीचा दहावीचा दाखला सुटा झाल्यावर तो दोन्ही हातांत धरला आणि मगच घोटभर चहा घेतला. त्यांचा धर्म कोणता हे आम्ही विचारलं नव्हतं.

पुढे शिकायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सेरामपूर सिनेटची बी.डी. ही ईश्वरविज्ञानाची पदवी गुरुकुलसारख्या कॉलेजांत मिळते, शिकवणं इंग्रजीतून असतं, त्यामुळे वाचनाची सवय आधीच करा. जवळ हवं असेल तर पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. अर्जासोबत मंडळीची शिफारस लागते, म्हणून पाळकसाहेबांशी लवकर बोला. तिथे वेगळ्या मतांशी गाठ पडेल. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले आणि प्रभुभोजनावर अडले. तो वाद नीट समजून घ्या. घरी परतल्यावर मात्र इथल्या मंडळीची रीत मोडायला निघू नका. मी प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळीत ल्यूथरन शिकवण घेऊन आले ती भेटींच्या आणि अभ्यासाच्या वाटेने, आणि ती लोकांनी आनंदाने घेतली.

शेवटचं काम एका डायरीचं. मातीला सगळे येतात, पहिल्या आठवड्यात डबे येतात, मग घर रिकामं होतं. म्हणून प्रत्येक मृत्यूची तारीख लिहून ठेवा आणि त्यापुढे त्या घरातला पहिला नाताळ, पहिला उत्तम शुक्रवार, गेलेल्याचा वाढदिवस. डिसेंबरात कॅरलच्या घरांची यादी करताना ही डायरी उघडा. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलंय, तिथे आठवडाभर आधी दोघांनी जाऊन विचारा: पोरांनी गायला यावं का, की नुसतं चौघांनी येऊन बसावं? ते जे म्हणतील तसंच यादीत लिहा, आणि ढोलकी वाजवणाऱ्या पोरांनाही आधीच सांगून ठेवा.