आवडत्या चित्रपटाचा ट्रेलर स्वतः कसा कापावा: सुरुवात संगीतापासून

लातूरमधल्या एका लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानात मी एडिटिंग शिकलो. तिथला नियम सोपा होता: गाणे लावायचे आणि त्याच्या प्रत्येक ठोक्यावर दृश्य बदलायचे. त्याच सवयीने मी आवडत्या चित्रपटाचा पहिला ट्रेलर केला, तेव्हा दीड मिनिटात सव्वाशेच्या वर कट पडले. मोठ्या हौसेने मामांना दाखवला, तर ते म्हणाले, "भाच्या, डोळे दुखायलेत बघ, पर गोष्ट काय हाय ते कळंना गेलंय." ट्रेलरमध्ये गोष्ट कुठे थांबायची आणि कुठे वळायची हे संगीत ठरवते, त्यामुळे ते सगळ्यात आधी निवडावे लागते, हे मला त्यानंतर हळूहळू उमगले. पुढची पद्धत त्याच क्रमाने सांगितली आहे.

एडिटिंगला बसण्यापूर्वी चित्रपट वही-पेन घेऊन एकदा सलग पाहावा आणि उपयोगी पडेल असे प्रत्येक वाक्य, नजर व आवाज त्याच्या मिनिट-सेकंदासह टिपून ठेवावा. चाळीस-पन्नास नोंदी पुरतात. शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांतले काहीही घेऊ नये. मग वहीच्या वरच्या ओळीत एकच वाक्य लिहावे: ट्रेलर पाहून प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न उभा राहिला पाहिजे? हा प्रश्न लिहिता येत नसेल, तर संगीत शोधायला अजून वेळ आहे असे समजावे.

संगीत निवडताना

एक प्रयोग आधी करावा. समजा, चित्रपटात एक म्हातारा वाड्याचे दार ओढून घेतो, कडी घालतो आणि पाठमोरा चालू लागतो, असे बारा सेकंदांचे दृश्य आहे. त्याखाली सारंगी लावली की तो घर कायमचे सोडून चालला आहे असे वाटते. खोल, न बदलणारा एकच सूर लावला की दाराआड काहीतरी दडवून ठेवले आहे असा संशय येतो. हलगी लावली तर हेच आजोबा घरच्यांना चुकवून तमाशाला निघालेले दिसतात. चित्र तिन्ही वेळा तेच असते. म्हणून मनात असलेल्या प्रश्नाला जुळणाऱ्या तीन वेगवेगळ्या धून निवडाव्यात, त्या एकाच दृश्याखाली लावून पाहाव्यात आणि संगणकाचा पडदा बंद करून नुसत्या ऐकाव्यातही.

धून निवडताना तिच्यात चढ आहे का, हे पाहावे. जी पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने वाजते, ती कितीही भारदस्त असली तरी ट्रेलरला उपयोगाची नसते, कारण अर्ध्या मिनिटात कान तिला सरावतो. शब्द असलेले गाणे नवशिक्याने टाळावे; गाण्यातले शब्द आणि पात्राचे संवाद एकमेकांच्या अंगावर पडतात आणि दोन्ही वाया जातात.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तुळजापूरच्या वाटेवर गोंधळ्यांचा संबळ ज्याने ऐकला आहे, त्याला ताण कसा चढतो हे वेगळे शिकवावे लागत नाही. कलावंताची परवानगी घेऊन, त्याला योग्य बिदागी देऊन, फोन तीन-चार फुटांवर ठेवून पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग केले, तर कोणत्याही तयार ध्वनिसंग्रहात न सापडणारा ठेका हाती येतो. वाद्य फार जवळ ठेवले तर आवाज फाटतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

मात्रांचा हिशेब

चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. मिनिटाला ९० ठोके असलेल्या धुनेत दोन ठोक्यांमध्ये बरोबर १६ फ्रेम बसतात आणि १२० ठोक्यांच्या धुनेत १२. तबल्याची थोडी ओळख असलेल्याला हा हिशेब फार लवकर जमतो. केरवा हा ताल आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा असतो आणि त्याची एक पूर्ण फेरी म्हणजे एक आवर्तन. ९० च्या लयीत त्याचे एक आवर्तन १२८ फ्रेमचे, म्हणजे सव्वापाच सेकंदांपेक्षा किंचित अधिक भरते, आणि ८० सेकंदांच्या ट्रेलरमध्ये नेमकी १५ आवर्तने येतात. पहिला ट्रेलर याहून लांब करूच नये.

माझी वाटणी बहुधा अशी असते: पहिली पाच आवर्तने माणसे आणि जागा दाखवण्यासाठी, पुढची चार अडचण उभी करण्यासाठी, एक शांततेसाठी, चार धावपळीसाठी आणि शेवटचे एक नावासाठी. सुरुवातीला फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर कट द्यावा. धावपळीच्या चार आवर्तनांत तो आधी चार मात्रांवर, मग दोन मात्रांवर आणावा. प्रत्येक मात्रेवर कट फक्त नावाच्या आधीच्या एका आवर्तनात असावा. मामांची तक्रार इथे मिटते. कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी सरकवूनही पाहावा, कारण नवे चित्र ओळखायला डोळ्याला क्षणभर लागतो.

प्रत्यक्ष काम करताना धून टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधल्या क्लिपा मांडायच्या पट्टीवर) आधी ठेवावी, ती चालू असताना प्रत्येक समेला कीबोर्डवरचे एम बटण दाबून खुणा कराव्यात (बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये खुणेसाठी हेच बटण असते) आणि मगच चित्रे आणावीत. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते, मात्र तिला जोरकस संगणक लागतो. जुन्या संगणकावर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट चालवावे, तीही मोफत आहेत. चित्रांच्या आधी चार-पाच संवाद ठेवून बोलण्याचा सांगाडा उभा करावा. संवाद सॉफ्टवेअरच्या आवाजमापकावर (त्यात शून्य ही कमाल पातळी) उणे ६ डेसिबलच्या आसपास वाजत असेल, तर त्याखालचे संगीत उणे १८ ते २० पर्यंत उतरवावे आणि संवाद संपताच अर्ध्या सेकंदात पुन्हा वर आणावे.

शांततेचे आवर्तन

उन्हाळ्यात भर दुपारी आपल्याकडे लाईट जाते आणि पंखा थांबतो. इतका वेळ तो आवाज करत होता हे तेव्हाच कानाला कळते, आणि घरातली सगळी माणसे एकदम वर पाहतात. ट्रेलरमधली शांतता नेमके हेच काम करते. नवव्या आवर्तनाच्या शेवटी संगीत हळूहळू विरू न देता पुढच्या समेच्या ऐन तोंडाशी तोडावे आणि दहाव्या आवर्तनाच्या पाच सेकंदांत चित्रपटातलाच एखादा बारीक आवाज ठेवावा. आपल्या उदाहरणात म्हाताऱ्याने घातलेल्या कडीचा खट्ट असा आवाज तिथे ठेवला आणि त्याच्याच पाठोपाठ संबळ सुरू केला, तर वेगळ्या धमाक्याची गरज उरत नाही. पूर्ण निःशब्द जागा मात्र सोडू नये. फोनवर पाहणाऱ्याला व्हिडिओ अडकला असे वाटते.

हक्क आणि अपलोड

काही सेकंदांचे गाणे वापरले तर चालते, हा समज चुकीचा आहे. कायद्यात सेकंदांची अशी सूट नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन अशा हेतूंना मुभा देते, पण चाहत्याचा ट्रेलर त्यात आपोआप बसतो असे धरून चालू नये. सरावासाठी जुने चित्रपट बरे पडतात: प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षे चित्रपटाचा हक्क टिकतो, म्हणजे १९६० च्या चित्रपटाची मुदत २०२० अखेर संपली. त्यातल्या गाण्यांचे शब्द आणि चाल यांची मुदत मात्र गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत चालते, त्यामुळे चित्रपट मोकळा झाला तरी त्यातले गाणे अडू शकते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ठरावीक अटींवर मोफत वापरू दिलेले संगीत घेताना परवान्यात एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे फेरबदलाला मनाई) ही अक्षरे असतील तर ते सोडून द्यावे. हलत्या चित्राशी धून जुळवणे हा त्या परवान्यानुसार फेरबदलच ठरतो.

यूट्यूबवर व्हिडिओची कंटेंट आयडी तपासणी होते, म्हणजे त्यातले दुसऱ्याच्या हक्काचे चित्र-संगीत आपोआप ओळखले जाते. दावा आला की उत्पन्न हक्कदाराकडे जाते किंवा व्हिडिओ रोखला जातो. स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाबद्दल चॅनेलला मिळणारी ताकीद, हा त्याहून गंभीर प्रकार असून ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. शीर्षकातच "चाहत्याने बनवलेला ट्रेलर" असे लिहावे आणि प्रदर्शनाची तारीख टाकू नये, नाहीतर लोक फसतात.

ट्रेलर आधी चित्रपट न पाहिलेल्या एका माणसाला फोनच्या स्पीकरवर दाखवावा आणि गोष्ट कशाची असेल एवढेच विचारावे. त्याने शेवट ओळखला तर एक-दोन दृश्ये काढून टाकावीत. फाइल बनवताना आवाजाची कमाल पातळी उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. मूळ प्रोजेक्टमध्ये संवाद, बारीक आवाज आणि संगीत हे तीन वेगळ्या ट्रॅकवरच जपून ठेवावेत, म्हणजे उद्या धुनेवर दावा आला तर तेवढा एक ट्रॅक काढून त्याच लयीची दुसरी धून बसवता येते.