पऱ्हाटी बांधावर पेटवू नका, कोळसा करून हलक्या रानात मुरवा

पावसानं पंधरा दिवस ओढ दिली की मुरमाड रानातलं पीक आधी माना टाकतं, शेजारच्या काळ्या रानातलं तग धरून असतं. हलक्या जमिनीत पाणी थांबतच नाही. तिथं शेणखताच्या जोडीला पऱ्हाटीचा (कापूस वेचून उरलेल्या झाडांचा) कोळसा, म्हणजे बायोचार, कामाला येतो. त्याच्या बारीक छिद्रांत ओल राहते आणि शेणखतासारखा तो कुजून संपत नाही.

वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून उन्हात कडक वाळवा. जूनपर्यंत बांधावर रचून ठेवू नका. उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते.

वर चार-पाच फूट रुंद, खाली निमुळता आणि तीनेक फूट खोल असा खड्डा घ्या. वारा पडलेला असताना तळाशी छोटा जाळ करा आणि पऱ्हाटी थोडी थोडी टाकत राहा. वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाका. उशीर केलात तर राख होते, घाई केलीत तर धूर कोंडतो. सगळी कसोटी इथंच आहे. खड्डा भरला की पाणी ओतून विझवा. पाण्याची टंचाई असेल तर मातीनं गच्च झाका आणि पुरतं गार झाल्याशिवाय उकरू नका. आतला निखारा पुन्हा पेट घेतो. क्विंटलभर पऱ्हाटीतून वीस-पंचवीस किलो कोळसा निघतो.

तो ओला असतानाच ज्वारीच्या दाण्याएवढा कुटा, नाकातोंडाला रुमाल बांधून. कोरडा कुटलात तर धुरळा छातीत जातो.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. कोरा कोळसा थेट रानात टाकला तर तो आधी नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. म्हणून तितकंच शेणखत मिसळा, शेणकाला शिंपडा आणि दोन-तीन आठवडे ओलसर झाकून ठेवा.

अख्ख्या एकराला पुरेल एवढा कोळसा घरच्या पऱ्हाटीतून निघणार नाही, तो हट्ट नको. पेरणीआधी सरीत, नाहीतर सीताफळाच्या खड्ड्यात मातीत कालवून घाला, वर सोयाबीनचं भुसकट पसरा. चुनखडीच्या किंवा चोपण (खारवट, चिकट) रानात मात्र माती तपासल्याशिवाय घालू नका. कोळशातली राख सामू (पीएच) आणखी वाढवते.

पहिल्या वर्षी चार ओळींत घाला, चार ओळी तशाच सोडा. पावसात खंड पडला की दोन्हीकडची वीतभर खोल माती मुठीत दाबून ओल बघा.