पोच्ड एग घरी कसं करावं: चिंध्या न होता, बलक न फुटता

अंडं फोडून थेट गरम पाण्यात सोडायचं, तीन-चार मिनिटांनी झाऱ्याने उचलायचं. पोच्ड एगची कृती इतकीच. तेल नाही, तूप नाही, तवा नाही. तरी घरी करायला गेलं की पातेल्यात पांढऱ्या चिंध्या तरंगतात आणि ताटलीत येतो तो नुसता बलक. मग लोक व्हिनेगर वाढवतात, पाणी जोरात ढवळतात किंवा साचे विकत आणतात. माझ्या मते यातलं काहीही लागत नाही. अंडं ताजं असावं, त्याचं पातळ पांढरं आधी गाळून टाकावं आणि पाणी उकळतं नसावं, एवढं सांभाळलं की पुरतं.

अंडं कोणतं घ्यावं

अंडं ताटलीत फोडून पाहिलं, तर पांढरा भाग दोन प्रकारचा दिसतो. बलकाला बिलगून उंच उभं राहणारं दाट पांढरं आणि त्याच्या कडेने पसरणारं पातळ, पाणीदार पांढरं. पाण्यात चिंध्या होतात त्या या पातळ भागाच्या. अंडं घातल्यापासून त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडत राहतो. त्यामुळे पांढऱ्याचा पीएच सुमारे ७.६ वरून ९ च्या वर जातो, दाट पांढरं सैल पडतं आणि पातळ भाग वाढतो. उन्हाळ्यात दुकानाबाहेर ट्रेमध्ये ठेवलेल्या अंड्यांत हे फार लवकर होतं.

म्हणून ज्या दुकानात अंडी रोजच्या रोज संपतात, तिथूनच घ्यावीत. खोक्यातली घेत असाल तर त्यावरची तारीख पाहा. घरी तपासायचं असेल तर अंडं पाण्याच्या भांड्यात ठेवा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, टोकावर उभं राहिलं तर जुनं होत आलेलं. तरंगलं तर पोच्ड एगचा विचार सोडाच, ते वापरूच नका. उभं राहणारी अंडी उकडायला ठेवावीत, कारण जुन्या अंड्याचं टरफल सहज सुटतं.

गावरान अंड्याबद्दल एक सांगायला हवं. त्याची चव अनेकांना आवडते, बलकही बहुधा गडद असतो. पण गावरान म्हणजे आपोआप ताजं, असं नाही. घरच्या चार-सहा कोंबड्यांची अंडी काही दिवस साठवून मग बाजारात आणली जातात. तीही पाण्यात टाकून पाहावीत. शिवाय ती लहान असतात, म्हणून अर्धा मिनिट आधी काढावीत.

गाळणं: सगळ्यात महत्त्वाची पायरी

अंडं आधी एका लहान वाटीत फोडा. थेट पातेल्यावर फोडू नका, कारण बलक फुटला किंवा टरफलाचा तुकडा पडला तर वाटीतच कळतं. मग बारीक जाळीची गाळणी पाण्याने ओली करून घ्या. अंडं पूर्ण मावेल एवढी मोठी हवी, चहाची छोटी गाळणी अपुरी पडते. अंडं हलकेच तिच्यात उतरवा आणि गाळणी दहा-पंधरा सेकंद हळूहळू गोल फिरवा. पातळ पांढरं खाली गळून जाईल, दाट पांढरं आणि बलक वर राहतील. ते अंडं वाटीत परत घ्या.

खाली गळलेलं पांढरं साधारण चमचाभर असतं. अंडं फारच ताजं असेल तर जेमतेम काही थेंब. पुष्कळ गळलं तर अंडं जुनं होतं असं समजा. ते गळलेलं त्याच दिवशी भुर्जीत किंवा ऑम्लेटमध्ये घालता येतं. ही पायरी वेळखाऊ वाटते म्हणून लोक टाळतात, पण पातेलं स्वच्छ राहतं ते हिच्यामुळेच. चार अंडी करायची असतील तर चारही आधी गाळून चार वाट्यांत तयार ठेवा.

पाणी

रुंद, जाड बुडाचं पातेलं घ्या. त्यात चार बोटं खोल पाणी हवं. दोन अंड्यांना साधारण एक लिटर, चार अंड्यांना दोन लिटर. पाणी कमी असेल तर अंडी पडताच ते गार होतं.

पांढरं साधारण ६२ अंश सेल्सिअसपासून गोठू लागतं, बलक ६५ च्या पुढे दाट होतो आणि ७० च्या आसपास घट्ट बसतो. म्हणून ८० ते ८५ अंशांचं पाणी पुष्कळ झालं. खळखळ उकळणाऱ्या पाण्यात अंड्याला शिजण्याआधीच धक्के बसतात आणि ते फाटतं. (महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, पण उकळी मुळात नकोच असल्याने तिथेही ही कृती जशीच्या तशी चालते.)

थर्मामीटर नसेल तर डोळ्यांनी ओळखता येतं. आधी पाण्याला पूर्ण उकळी येऊ द्या, मग गॅस अगदी मंद करा. बुडबुडे शांत होऊ द्या. तळाशी बारीक बुडबुडे चिकटलेले, क्वचित एखादा वर येणारा, पाण्यावर वाफ आणि पृष्ठभाग किंचित थरथरणारा, हे योग्य पाणी. लहान बर्नर वापरला तर ते टिकवणं सोपं जातं. इंडक्शनच्या बऱ्याच शेगड्या कमी पॉवरवर चालू-बंद होत राहतात, त्यामुळे पाणी मध्येच उसळतं. तिथे आणि पहिल्यांदाच करणाऱ्यांनीही सरळ दुसरा मार्ग घ्यावा: उकळी आली की आच बंद करा, अंडी सोडा आणि झाकण ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात चार ते पाच मिनिटांत अंडी होतात.

व्हिनेगर घालायचं का? आम्लामुळे पांढरं लवकर गोठतं हे खरं आहे. अंडी कशी आहेत याची खात्री नसेल तर एका लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. त्याहून जास्त नको. वास राहतो आणि अंड्याची चकाकी जाते. ताज्या, गाळलेल्या अंड्याला ते लागतच नाही. मीठ मी पाण्यात घालत नाही, वरून घालते.

पाण्यात चमच्याने भोवरा करून त्याच्या मध्यात अंडं सोडायची पद्धतही प्रसिद्ध आहे. एकाच अंड्यापुरती ती ठीक आहे. दुसरं सोडलं की दोन्ही एकमेकांत गुंततात. घरात चार माणसं न्याहारीला बसलेली असताना तिचा उपयोग नाही.

सोडणं आणि काढणं

वाटीची कड पाण्याला टेकवा, थोडी बुडली तरी चालेल, आणि अंडं घसरू द्या. उंचावरून टाकू नका. प्रत्येक अंड्याला वेगळी जागा द्या आणि कोणतं आधी सोडलं ते लक्षात ठेवा, त्याच क्रमाने काढायचं आहे. पहिलं मिनिटभर हात लावू नका. मग झाऱ्याने तळापासून अलगद सोडवा, चिकटलं असेल तर सुटेल.

मध्यम आकाराच्या, फ्रिजबाहेर ठेवलेल्या अंड्याला तीन मिनिटांत वाहता बलक मिळतो, चार मिनिटांत दाटसर, सहा मिनिटांत पूर्ण बसलेला. फ्रिजमधून काढलेल्या अंड्याला अर्धा मिनिट जास्त. घड्याळापेक्षा बोट जास्त खात्रीचं. अंडं झाऱ्यावर उचला आणि बलकाभोवतीचं पांढरं हलकेच दाबा. ते थुलथुलीत लागलं तर परत सोडा. पांढरं घट्ट आणि मधला भाग दबणारा लागला की झालं. झारा अंड्यासकट घडी घातलेल्या स्वच्छ फडक्यावर टेकवून पाणी टिपून घ्या, नाहीतर खालचा टोस्ट भिजतो.

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि आजारातून उठलेल्यांना वाहता बलक देऊ नये. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांच्यासाठी सहा-सात मिनिटं ठेवून बलक पुरता घट्ट करा. तडकलेल्या टरफलाचं अंडं कोणासाठीच घेऊ नका.

पाहुणे येणार असतील तर आधी करून ठेवता येतात. थोडी कमी शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि त्या पाण्यासकट फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवसापर्यंत छान राहतात. वाढताना मिनिटभर गरम पाण्यात बुडवली की झालं.

टोस्ट तर आहेच, पण मला तुर्कस्तानातला चिल्बिर हा प्रकार जास्त आवडतो. दह्यात लसूण वाटून घालतात, त्यावर पोच्ड एग आणि वरून लाल मिरचीची पूड घातलेलं गरम लोणी. दही फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे अंडं गार पडत नाही. आपलं घरचं लोणी आणि काश्मिरी मिरची त्यावर उत्तम लागतात.

पाण्याऐवजी रस्सा

आपल्याकडे अनेक घरांत अंडी फोडून रश्श्यात सोडतात, तेही याच जातीचं शिजवणं. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा नेहमीपेक्षा थोडा पातळ ठेवा, चांगला उकळून तेल सुटू द्या, मग आच मंद करा. इथे अंडी गाळायची गरज नाही, कारण सुटलेलं पातळ पांढरं रश्श्यातच मिसळतं. वाटीतून एकेक अंडं वेगवेगळ्या जागी सोडा, झाकण ठेवा आणि पाच-सहा मिनिटं डाव अजिबात फिरवू नका. पातेलं हलवायचंच असेल तर कडा धरून हलकेच फिरवा. बलक वरून पांढुरका दिसू लागला की आच बंद करा आणि वाढताना डाव अंड्याच्या खालून घाला. पुन्हा तापवल्यावर बलक कोरडा होतो, म्हणून अंडी माणसं मोजूनच सोडा. रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी उकळी आणून त्यात नवी अंडी फोडा.