एडीएचडीच्या गोळीमुळे भूक मेली, तर मुलाला केव्हा आणि काय खायला द्यावं

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. त्यावरचं मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू झालं की बऱ्याच मुलांना दुपारचं जेवण जात नाही. हा हट्ट नव्हे. गोळीचा जोर असेपर्यंत भूक लागल्याचं मुलाला जाणवतच नाही. साध्या गोळीचा जोर ३-४ तास टिकतो, दीर्घकाळ चालणारीचा ८ ते १२ तास. म्हणून मुलाशी भांडू नका, जेवणाच्या वेळा बदला.

गोळी सुरू करण्याआधीच वजन आणि उंची लिहून ठेवा. ही पहिली नोंद नसेल तर पुढे तुलना कशाशी करणार? नंतर १० वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर ३ महिन्यांनी आणि उंची दर ६ महिन्यांनी बघा. काटा तोच, वेळ तीच, अंगावर हलके कपडे.

आधी नाश्ता, मग गोळी. नुसत्या दूध-बिस्किटांवर भागवू नका. लोणी लावलेलं थालीपीठ, ऑम्लेट-पोळी किंवा पनीर भरलेलं धिरडं द्या. शाळेची व्हॅन लवकर येत असेल तर मुलाला अर्धा तास आधी उठवावंच लागेल.

डबा छोटा ठेवा: शेंगदाण्याचा एक लाडू, पनीरचे चार-पाच तुकडे, एक केळं. भरलेला डबा परत आला तरी रागावू नका. दडपणाने मूल खाण्याचाच धसका घेतं.

संध्याकाळी गोळी उतरली की भूक एकदम उसळते, आणि नेमके तेव्हाच वेफर्स हाताशी असतात. त्या वेळी वरणभात-तूप, पोळी-उसळ तयार हवी, मग ५ वाजलेले का असेनात. रात्रीचं जेवण नेहमीच्या वेळी होऊ द्या. झोपण्यापूर्वी भूक असेल तर बदामाची पूड घातलेलं दूध द्या. कमी घासांत जास्त ताकद जावी म्हणून वाढतानाच वरून तूप घाला. एका छोट्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅम तुपात, साधारण ४५ कॅलरी असतात. जेवणाआधी मात्र चहा किंवा ग्लासभर दूध नको, पोट त्यानेच भरतं.

भूक वाढवणारं सिरप दुकानातून परस्पर आणू नका. त्यातल्या सायप्रोहेप्टाडिनने मुलाला गुंगी येते. गोळीही स्वतःहून बंद करू नका. सुट्टीच्या दिवशी ती टाळायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. दीर्घकाळ चालणारी गोळी कुटू किंवा चावू देऊ नका.

वजन उतरलं, ३ महिन्यांत वाढलंच नाही किंवा सतत पोट दुखत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. आठवडाभर मुलाने केव्हा, काय आणि किती खाल्लं ते लिहिलेली वही सोबत न्या. डोस कमी करायचा, वेळ बदलायची की औषधच बदलायचं, हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.