घरातल्या खेळाडूचं आयुष्य लिहून काढताना

खेळाडू माणूस गेला की आधी कपाटातली पदकं बाहेर येतात आणि त्यांच्याच आधाराने श्रद्धांजलीचा लेख किंवा भाषण उभं राहतं. गडबड तिथेच होते. पदकावर साल कोरलेलं असतं, ते पुढच्या वर्षीही सापडेल. पण सराव सोडल्यावरही बाबा पहाटे उठून काय करायचे, मुलांचा निकाल लागला की पहिला प्रश्न कोणता विचारायचे, हे फक्त माणसांच्या डोक्यात असतं. म्हणून क्रम उलटा ठेवा: आठवणी आधी, पदकं नंतर.

पाच-सहा माणसांशी बोला, पण एकेकाशी स्वतंत्रपणे. सगळे एकत्र बसले की मोठ्या आवाजाचा माणूस जे सांगतो तेच सगळ्यांना आठवू लागतं. पत्नी आणि मुलं कुणी विसरत नाही. विसरतात ते रिलेतले जोडीदार आणि जुने प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्याकडे बरेचदा सगळ्यात चांगला माल असतो, कारण त्याने या माणसाला हरवण्यासाठी बारकाईने पाहिलेलं असतं.

मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, पंखा बंद. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. एका बैठकीत पाऊण तास पुरे; त्यापुढे माणूस थकतो आणि तेच तेच सांगू लागतो. ‘ते कसे होते?’ विचारलंत तर ‘फार चांगले होते’ एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: हरून घरी आले की जेवायचे का? राग आला की आवाज चढायचा की गप्प बसायचे? स्पर्धेचे बूट कोण धुवायचं? एखादा जुना फोटो हातात द्या आणि गप्प राहा. सन चुकला तरी मधेच दुरुस्त करू नका, नाहीतर सांगणारा बिचकतो आणि पुढचं सगळं आखडतं.

आता आकडे. इथे कौतुकाच्या भरात चुका होतात आणि खेळातला वाचक त्या लगेच पकडतो. जुनी धावण्याची वेळ स्टॉपवॉचवरची असू शकते. बंदुकीचा धूर पाहून माणूस घड्याळ दाबतो, त्यात थोडा उशीर होतोच, म्हणून वेळ कमी भरते. विद्युत वेळेशी, म्हणजे यंत्राने आपोआप घेतलेल्या वेळेशी, तुलना करताना हाताच्या वेळेत १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद, ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवायची रूढ पद्धत आहे. ४०० मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांसाठी १९७७ पासून विद्युत वेळच धरतात. प्रमाणपत्रावर दशांशानंतर एकच आकडा असेल तर ती बहुधा हाताने घेतलेली वेळ. ती आहे तशीच छापा, पुढे ‘हाताने घेतलेली वेळ’ असं लिहा, दुसरा आकडा मनाने जोडू नका. अंतरही नीट पाहा: १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, तेव्हा ती वेळ १०० मीटरची म्हणून छापली तर माणूस फुकटच जगज्जेता होतो. पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे तोलाचा बिंदू, १९८६ मध्ये पुढे सरकवला गेला आणि भाला लवकर नाक खाली करू लागला. त्याआधीची फेक आजच्या फेकीशेजारी ठेवू नका. घरात ऐकलेला ‘विक्रम’ हा शाळेचा, जिल्ह्याचा की स्पर्धेचा, हे प्रमाणपत्र किंवा त्या काळचं कात्रण पाहिल्याशिवाय लिहू नका. पुरावा नसेल तर ‘घरात असं सांगितलं जायचं’ हे शब्द प्रामाणिक आहेत आणि वाचायलाही गोड लागतात.

कात्रणं लॅमिनेट करू नका. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असतं, तो आतल्या आतही पिवळा पडत राहतो आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. आधी स्कॅन करा: कागद ३०० डीपीआयला (दर इंचाला ठिपके), छोटे फोटो ६०० डीपीआयला. फोटोच्या मागे काही लिहिलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा. नावं तिथेच असतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. मेण न लावलेला दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा सरकवा; तरीही सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. फाइलला नाव देताना साल आधी: ‘१९७४-रिले-अंतिम’. प्रती तीन ठेवा, एक दुसऱ्या घरी.

पदकं घासून चकचकीत करायची हौस आवरा. काळपट थर निघतो, पण त्याबरोबर मुलामा आणि कोरीव अक्षरंही झिजतात. सुती हातमोजे घालून मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून निघणारी आम्लाची वाफ धातू खाते.

मग लिहायला बसा. पाच मिनिटांच्या भाषणाला साडेपाचशे-सहाशे शब्द लागतात, आणि गळा दाटून येईल म्हणून पाचशेतच थांबा. जन्मतारखेने सुरुवात करू नका, सवयीने करा. ‘ते शिस्तप्रिय होते’ हे वाक्य कुणालाही लागू होतं. ‘मुलीच्या शाळेची बस साडेसातची, पण ते सात वीसलाच रस्त्याच्या कडेला उभे असायचे आणि दर मिनिटाला घड्याळ बघायचे’ हे फक्त त्यांचंच. पदकांची यादी भाषणात नको, वेगळ्या पानावर छापा.

लेखात सगळ्यात जास्त गाळली जाते ती खेळ थांबल्यानंतरची वर्षं. खेळ कशाने थांबला: गुडघा गेला, नोकरी लागली, पहिलं मूल झालं, की संघात नाव आलं नाही? त्या दिवसानंतर हा माणूस काय झाला, हे दोन परिच्छेद तरी मागतं. एखादा दोषही राहू द्या, हट्टीपणा किंवा कॅरममध्येसुद्धा हरणं न सोसणं. नुसती स्तुती असली की घरच्यांनाही तो माणूस ओळखू येत नाही.

मसुदा मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. छापण्याआधी कुटुंबातल्या दोघांना आणि संघातल्या एकाला दाखवा, आणि त्यांना फक्त तीन गोष्टी विचारा: कुणाचं नाव चुकलं, कोण राहिलं, आणि काय छापू नये.